खेत्तसुत्ताची आठ लक्षणे आणि परभणीची माती

पालि वाङ्मयात शेतीचे उल्लेख विपुल आहेत. नांगर, फाळ, बी, बांध, पाट, तण, खळे हे शब्द सुत्तांमध्ये पदोपदी भेटतात. सुत्तनिपातातील कसिभारद्वाज ब्राह्मणाचा प्रसंग तर बहुतेक उपासक-उपासिकांना ठाऊक असतो. परंतु हे सर्व उल्लेख आपण बहुधा उपमा म्हणून वाचतो आणि उपमेय हाती आले की उपमान सोडून देतो. शील, समाधी, दान यांविषयीचा बोध लक्षात राहतो. ज्या शेताच्या आधारे तो दिला गेला ते शेत मात्र विसरले जाते.

वास्तविक उपमान खरे असल्याखेरीज उपमा श्रोत्याला पटत नाही. तथागतांचे श्रोते मोठ्या संख्येने शेती कसणारे किंवा शेतीवर राबणारे होते. त्यांच्यापुढे शेताविषयी चुकीचे विधान केले असते तर ते तत्काळ लक्षात आले असते. म्हणून सुत्तांतील शेतीविषयक उपमा या तत्कालीन कृषिज्ञानाची विश्वसनीय साधने ठरतात. प्रस्तुत लेखात या साधनांच्या आधारे जमिनीच्या परीक्षेचा विचार करावयाचा आहे, आणि त्यासाठी परभणी जिल्ह्याची भूमी डोळ्यांसमोर ठेवावयाची आहे. त्याचबरोबर जमीन सुधारण्याचे सामर्थ्य आणि अधिकार इतिहासात कोणाकडे होता, हा प्रश्नही विचारावयाचा आहे. कारण मातीच्या आरोग्याचा प्रश्न माणसाच्या हक्कापासून वेगळा काढता येत नाही.

खेत्तसुत्तातील भूमिपरीक्षा

अंगुत्तरनिकायाच्या अट्ठकनिपातात खेत्तसुत्त नावाचे एक छोटे सुत्त आहे. आठ दोषांनी युक्त अशा शेतात पेरलेले बी भरघोस फळ देत नाही, त्या पिकाला स्वाद येत नाही आणि त्याची वाढही होत नाही, असे तेथे सांगितले आहे. हे आठ दोष पुढीलप्रमाणे आहेत. शेत उंचसखल असते. ते दगडगोट्यांचे असते. ते ऊसर, म्हणजे खारवट असते. त्यात नांगराचे तास खोल जात नाही. पाणी आत येण्याची सोय नसते. पाणी बाहेर जाण्याची सोय नसते. पाट नसतात. बांध नसतात. याच्या उलट आठ गुणांनी युक्त असलेले शेत उत्तम होय. सुत्ताचा उद्देश अर्थातच दानाचे पात्र सांगण्याचा आहे. ज्या श्रमण-ब्राह्मणांच्या ठायी सम्यक् दृष्टीपासून सम्यक् समाधीपर्यंतची आठ अंगे आहेत, ते त्या सुपीक शेताप्रमाणे होत, असा त्याचा आशय आहे.

परंतु क्षणभर उपमेय बाजूला ठेवून ही यादी वाचावी. जमिनीचा उतार, दगडांचे प्रमाण, क्षारता, खोली, पाण्याचा प्रवेश, पाण्याचा निचरा, पाण्याचे वाटप आणि मृदेचे संरक्षण असा हा क्रम आहे. पाण्याच्या ‘आया’बरोबरच ‘अपाया’चा, म्हणजे बाहेर जाण्याच्या मार्गाचा, स्वतंत्र निर्देश करणाऱ्या या दृष्टीला शेताचा प्रत्यक्ष अनुभव होता, हे निर्विवाद आहे.

हा अनुभव इतरत्रही दिसतो. अंगुत्तरनिकायाच्याच तिकनिपातात शेतकऱ्याची तीन तातडीची कामे सांगितली आहेत: शेत चांगले नांगरून सारखे करणे, योग्य वेळी बी पेरणे, आणि योग्य वेळी पाणी आत घेणे व योग्य वेळी बाहेर सोडणे. चुल्लवग्गात महानाम शाक्य आपल्या धाकट्या भावाला, अनुरुद्धाला, गृहस्थाची शेतीची कामे समजावून सांगतो. नांगरणी, पेरणी, पाणी देणे, पाणी काढणे, निंदणी, कापणी, मळणी, साठवण, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच. ही कामे कधी संपतात, असे अनुरुद्ध विचारतो. ती संपत नाहीत, असे उत्तर त्याला मिळते.

विनयाच्या महावग्गात याहून बोलका प्रसंग आहे. राजगृहाहून दक्खिणागिरीकडे जाताना तथागतांनी मगधातील शेते पाहिली. लांब-रुंद बांधांनी व आडव्या-उभ्या धुऱ्यांनी आखलेली ती शेते दाखवून, भिक्खूंसाठी असे चीवर करता येईल काय, असे त्यांनी आनंदाला विचारले. आनंदाने तुकडे जोडून तसे चीवर तयार केले. आजही भिक्खूच्या चीवरावर जे चौकोन दिसतात ते मगधाच्या बांधलेल्या शेताचे चित्र आहे.

जिवंत माती आणि निकृष्ट शेत

भिक्खूने जमीन खणू नये, असा पाचित्तिय नियम आहे. तो आळवी येथील प्रसंगावरून घालून देण्यात आला. लोक पृथ्वीला जिवंत मानीत आणि भिक्खूंनी ती खणल्याबद्दल तक्रार करीत, अशी त्याची पार्श्वभूमी विनयात दिली आहे. या नियमाचे विवरण करताना पृथ्वीचे दोन प्रकार केले आहेत. ‘जाता पथवी’ म्हणजे जीत अवस्थेतील माती: जिच्यात माती वा चिकणमाती अधिक आणि दगड, खडे, वाळू कमी. ‘अजाता पथवी’ म्हणजे जिच्यात दगडधोंडे, खडे व वाळूच अधिक. मातीच्या ढिगावर चार महिन्यांहून अधिक काळ पाऊस पडला तर तो ढीगही ‘जाता’ ठरतो. जळालेली माती मात्र ‘अजाता’ समजावी, असेही तेथे म्हटले आहे.

हा भिक्खूंच्या आचरणाचा नियम आहे, कृषिशास्त्राचे प्रकरण नव्हे. त्यात आधुनिक सूक्ष्मजीवशास्त्र शोधणे अनैतिहासिक ठरेल. तथापि मातीतील कणांच्या प्रमाणावरून तिचे वर्गीकरण करावे, ओल मिळत राहिली तर माती जीत होते आणि अग्नीने तिचे जीतपण जाते, हे निरीक्षण दोन हजार वर्षांपूर्वीच्या समाजात रूढ होते, एवढे त्यावरून निश्चितपणे म्हणता येते. पऱ्हाट्या आणि धसकटे शेतातच पेटवून देणाऱ्यांनी या नोंदीचा विचार करावा.

संयुत्तनिकायाच्या गामणिसंयुत्तात तिसरा दाखला मिळतो. नालंदा येथे असिबंधकपुत्त नावाच्या ग्रामप्रमुखाने विचारले की, भगवान सर्वांविषयी अनुकंपा बाळगतात, तर काहींना सविस्तर धम्म सांगतात आणि काहींना तसा सांगत नाहीत, हे कसे? उत्तरादाखल तथागतांनी तीन शेतांचे उदाहरण दिले. उत्तम, मध्यम आणि निकृष्ट, खारवट, वाईट भूमीचे. शेतकरी प्रथम उत्तम शेतात पेरील, नंतर मध्यम शेतात. निकृष्ट शेतात कदाचित पेरील, कदाचित पेरणार नाही. पण पेरलेच तर निदान गुरांच्या वैरणीपुरते तरी होईल, म्हणून. निकृष्ट शेताला येथे अग्रक्रम नाही, परंतु ते टाकूनही दिलेले नाही. या शेवटच्या शेताकडे आपल्याला पुढे परत यावयाचे आहे.

गोदाकाठ: बावरीपासून सातवाहनांपर्यंत

परभणी जिल्ह्याचा या परंपरेशी भौगोलिक संबंधही आहे. सुत्तनिपाताच्या पारायणवग्गाच्या प्रास्ताविक गाथांत बावरी नावाचा ब्राह्मण कोसलाहून दक्षिणेत येऊन अस्सकांच्या प्रदेशात, अळकाच्या समीप, गोदावरीच्या तीरावर राहिला, असे वर्णन आहे. तो वेचलेल्या धान्यावर आणि फळांवर निर्वाह करीत असे. जवळच एक मोठे गाव होते आणि त्याच्या उत्पन्नातून त्याने महायज्ञ केला. त्याचे सोळा शिष्य तथागतांच्या भेटीस निघाले तेव्हा त्यांच्या मार्गात पतिट्ठान, म्हणजे आजचे पैठण, लागले. अस्सकांची राजधानी पोतन ही तेलंगणातील बोधन होय, असे अनेक अभ्यासक मानतात. पैठण आणि बोधन यांच्या दरम्यान गोदावरीचा जो पट्टा येतो, त्यातच आजचे पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम आणि पूर्णा हे तालुके आहेत. कापणीनंतर शेतात सांडलेल्या धान्यावर माणूस जगू शकत होता आणि एका गावाच्या उत्पन्नावर महायज्ञ होऊ शकत होता, ही नोंद या काठाच्या सुपीकतेची साक्ष मानण्यास हरकत नाही.

सातवाहनकाळात पैठण हे राजधानीचे नगर होते. त्या काळच्या भूमिव्यवस्थेविषयी त्रिरश्मी लेण्यांतील, म्हणजे नाशिकच्या पांडवलेण्यांतील, शिलालेख फार महत्त्वाचे आहेत. गौतमीपुत्र सातकर्णीने आपल्या राज्याच्या अठराव्या वर्षी तेथील प्रव्रजितांना दोनशे निवर्तने शेत दिले. चोविसाव्या वर्षाचा दुसरा लेख सांगतो की, कखडी गावी पूर्वी दिलेले शेत कसले जात नाही आणि ते गावही वसलेले नाही. म्हणून नगराच्या सीमेवरील राजाच्या मालकीच्या शेतातून शंभर निवर्तने देण्यात येत आहेत. राजाज्ञेने दिलेली जमीन कसणाऱ्या हातांवाचून निष्फळ ठरली आणि राज्याला आपला निर्णय बदलावा लागला. केवळ जमिनीचे दान पुरेसे नसते. ती जमीन कशी आहे, कोठे आहे आणि ती कोण कसणार, हे प्रश्न त्याबरोबर येतात. भूमिहीनांना जमीन देण्याच्या आधुनिक योजनांचा विचार करताना हा शिलालेख आठवणे अप्रस्तुत होणार नाही.

आठ लक्षणांच्या कसोटीवर परभणी

परभणीची जमीन दख्खनच्या काळ्या बेसॉल्ट खडकापासून झालेली आहे. गोदावरी, पूर्णा आणि दुधना या नद्यांच्या खोऱ्यांत ती खोल, काळी आणि भारी आहे. उत्तरेस जिंतूरच्या डोंगराळ भागात आणि दक्षिणेस गंगाखेडकडील बालाघाटच्या रांगांत ती उथळ, मुरमाड व बरड होत जाते. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाल्यावर उरलेल्या नऊ तालुक्यांतही हा भेद स्पष्ट दिसतो. खेत्तसुत्तातील आठ दोषांपैकी बहुतेक दोष या एकाच जिल्ह्यात पाहता येतात.

उंचसखलपणा, दगडगोटे आणि उथळपणा हे तीन दोष माळरानाचे आहेत. तेथे वीतभर मातीखाली मुरूम लागतो. ओल टिकत नाही. पावसाने आठ-दहा दिवसांचा खंड दिला की पीक माना टाकते. उतारामुळे प्रत्येक जोराच्या सरीबरोबर वरची माती वाहून जाते. ध्रुव नारायण आणि राम बाबू या शास्त्रज्ञांनी १९८३ साली भारतातील धूप सरासरी हेक्टरी वर्षाला १६ टनांहून अधिक असल्याचा अंदाज दिला होता. हे एक मिलिमीटरहून थोडे अधिक जाडीचे थर आहेत. पण खडकापासून तेवढी माती तयार व्हावयास त्याहून कितीतरी अधिक काळ लागतो. वीतभर मातीच्या शेतात हा हिशेब काही पिढ्यांत पुरा होतो.

खोल काळ्या जमिनीचे दोष याच्या उलट आहेत. तिच्यात चिकणमातीचे प्रमाण निम्म्याच्या आसपास असते आणि तो चिकण पदार्थ पाण्याने फुगतो व उन्हाने आकसतो. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पावसाळ्यात ती फुगली की पाणी आत मुरत नाही आणि वापसा लवकर येत नाही. येथे ‘आय’ असते, ‘अपाय’ नसतो. जायकवाडी प्रकल्पाने हा दोष ठळकपणे पुढे आणला. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते पायाभरणी झालेल्या आणि १९७६ साली पूर्ण झालेल्या पैठणच्या धरणाचा डावा कालवा परभणी जिल्ह्यापर्यंत आला. पाण्याने समृद्धी आणली. परंतु भारी जमिनीला पाणी देताना निचऱ्याची व्यवस्था तितक्याच तत्परतेने झाली नाही आणि कालव्याच्या लाभक्षेत्रात काही जमिनी पाणथळ, काही खारवट, तर काही चोपण झाल्या. ज्या जमिनीवर पांढरी फुली येते ती क्षारयुक्त; जी ओली असता साबणासारखी निसरडी आणि वाळली की दगडासारखी होते ती चोपण. पहिलीला चांगल्या पाण्याने धुऊन निचरा द्यावा लागतो. दुसरीला त्याआधी जिप्समची गरज असते. सुत्तकारांनी ‘ऊसर’ आणि ‘अपाय’ हे दोन दोष वेगवेगळे नोंदवले आहेत; प्रत्यक्षात दुसरा पहिल्याला जन्म देतो, हे जायकवाडीच्या लाभक्षेत्राने दाखवून दिले.

आजची शासकीय परीक्षा या आठ लक्षणांशी ताडून पाहणे उद्बोधक आहे. १९ फेब्रुवारी २०१५ रोजी राजस्थानातील सूरतगढ येथून मृदा आरोग्य पत्रिकेची योजना सुरू झाली. तीत बारा घटक तपासले जातात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल, बोरॉन, सामू, विद्राव्य क्षार आणि सेंद्रिय कर्ब. मराठवाड्याच्या काळ्या जमिनींत साधारणपणे पालाश भरपूर, नत्र कमी, सामू विम्लतेकडे झुकलेला, चुनखडी अधिक आणि त्यामुळे जस्त व लोह पिकाला कमी मिळणारे, असे चित्र आढळते. ही माहिती अमूल्य आहे. परंतु बारा घटकांपैकी सामू आणि क्षार एवढेच खेत्तसुत्ताच्या ‘ऊसर’ या लक्षणाशी जुळतात. उरलेली सात लक्षणे, म्हणजे उतार, दगड, खोली, पाण्याची आवक, निचरा, पाट आणि बांध, त्या बारा घटकांत नाहीत. उलट नत्र वा जस्त प्राचीनांना माहीत असणे शक्यच नव्हते. म्हणजे एक परीक्षा दुसरीला निरर्थक ठरवीत नाही. दोन्ही एकत्र केल्या तरच जमिनीचे पूर्ण निदान होते.

१९१८: दोन घटना

परभणीच्या कृषि-इतिहासात १९१८ हे वर्ष महत्त्वाचे आहे. त्या वर्षी निजामाच्या हैदराबाद राज्यात परभणी येथे मुख्य प्रयोगक्षेत्र स्थापन झाले. तत्पूर्वी १९०० सालच्या सुमारास गोदावरी खोऱ्यातून मनमाड-हैदराबाद रेल्वे सुरू झाली होती आणि गावरानी कापसाचा व्यापार वाढला होता. पुढे याच भूमीवर १९५६ साली कृषी महाविद्यालय आणि १८ मे १९७२ रोजी मराठवाडा कृषी विद्यापीठ उभे राहिले. २०१३ पासून ते वसंतराव नाईक यांच्या नावाने ओळखले जाते.

त्याच १९१८ साली बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भारतातील लहान शेतजमिनी आणि त्यांवरील उपाय हा निबंध प्रसिद्ध केला. त्या काळी शेतीच्या दैन्याचे कारण जमिनीचे लहान तुकडे हे आहे आणि एकत्रीकरण हा त्यावरील उपाय आहे, असे बडोद्याच्या समितीसह अनेक अर्थज्ञ मानीत. बाबासाहेबांनी प्रतिपादन केले की, केवळ आकारावरून कोणतीही धारणा किफायतशीर किंवा तोट्याची ठरत नाही. जमिनीच्या जोडीला श्रम, अवजारे, जनावरे व भांडवल योग्य प्रमाणात आहे किंवा नाही, यावर ते ठरते. भारतात असलेल्या लहान तुकड्यांनाही पुरेल एवढे भांडवल नाही. मग ते तुकडे मोठे करून काय साधणार? शेतीवर जगणाऱ्यांचा भार उद्योगांकडे वळवला पाहिजे, हा त्यांचा निष्कर्ष होता.

एकाच वर्षी एकीकडे जमिनीच्या गुणांचा शोध सुरू झाला आणि दुसरीकडे त्या जमिनीच्या जोडीला काय हवे याचा शोध. या दोन शोधांची पुढे पुरेशी गाठ पडली नाही. १९४७ साली ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये बाबासाहेबांनी शेती हा राज्याचा उद्योग असावा, जमीन जातिभेद न करता गावकऱ्यांना सामूहिक रीतीने कसावयास द्यावी, आणि पाणी, कामाची जनावरे, अवजारे, खत व बियाणे यांची तरतूद राज्याने करावी, अशी योजना मांडली. दीघनिकायाच्या कूटदंतसुत्तात शेती करणाऱ्यांना राजाने बी आणि अन्न पुरवावे, असा सल्ला महाविजित राजाला पुरोहित देतो. बाबासाहेबांच्या योजनेशी त्या विचाराचे नाते अभ्यासकांच्या सहज ध्यानात येते. खत हा शब्द त्या यादीत आहे, हे विशेष लक्षात घेतले पाहिजे. जमिनीचा कस राखणे ही एकट्या कसणाऱ्याची जबाबदारी नसून ती समाजाचीही आहे, हे त्यात गृहीत आहे.

गायरान: निकृष्ट शेताचा इतिहास

मराठवाड्यातील अस्पृश्य समाज प्रामुख्याने भूमिहीन होता. काहींकडे गावकीच्या सेवेबद्दल मिळालेले हाडोळ्याचे तुकडे होते. उरलेले सालगडी म्हणून राबत किंवा बटईने कसत. १९४१ साली कसबे तडवळे येथील महार-मांग वतनदार परिषदेस स्वतः बाबासाहेब आले होते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाचे राज्य संपले. १९५० साली हैदराबाद कुळकायदा आला. पण कुळकायद्याचा लाभ ज्याचे नाव कुळ म्हणून लागले होते त्याला झाला, सालगड्याला नाही. म्हणून १९५३ साली मराठवाड्यात पडीक व गायरान जमिनींसाठी सत्याग्रह झाला. पुढे कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ चा आणि ६ डिसेंबर १९६४ पासूनचा देशव्यापी भूमिहीनांचा सत्याग्रह झाला. शासनाने १९७८ व १९९१ साली निर्णय काढून ठरावीक तारखेपर्यंतची भूमिहीनांची अतिक्रमणे नियमानुकूल करण्याचे ठरवले. मराठवाड्यात एकनाथ आवाड यांच्या मानवी हक्क अभियानाने हा प्रश्न अखेरपर्यंत लावून धरला.

या इतिहासाची मातीच्या अंगाने फारशी चर्चा झालेली नाही. गायरान म्हणजे गावाने नांगराखाली न आणलेली जमीन. उत्तम आणि मध्यम जमीन पूर्वीच वाटली गेली होती. जी उरली ती माळाची, खडकाळ, उताराची. गामणिसंयुत्तातील तिसरे शेत, जे निदान वैरणीपुरते होईल, तेच आपल्या समाजाच्या वाट्याला आले. खेत्तसुत्तातील दोषांची मोजदाद केली तर अशा जमिनीत आठांपैकी पाच-सहा दोष सहज निघतात. तरीही मराठवाड्यात अनेक कुटुंबांनी दगड वेचून, ताली घालून अशा माळावर ज्वारी, तूर, कापूस उभा केला. हे काम कोणत्याही प्रयोगक्षेत्राच्या नोंदवहीत नाही, परंतु भूमिसुधारणेच्या इतिहासात त्याला मानाचे स्थान मिळाले पाहिजे.

आता एक साधा हिशेब पाहावा. एक हेक्टर जमिनीच्या वरच्या १५ सेंटिमीटर थराचे वजन सुमारे दोन हजार टन असते. त्यातील सेंद्रिय कर्ब ०.३ टक्क्यावरून ०.५ टक्क्यावर, म्हणजे ‘कमी’ वर्गातून ‘मध्यम’ वर्गात, न्यावयाचा तर त्या थरात चार टन कर्ब नव्याने टिकून राहिला पाहिजे. हेक्टरी पाच टन शेणखत घातले तर त्यातून फार तर टनभर कर्ब येतो आणि आपल्या उष्ण हवामानात त्याचा मोठा भाग वर्षभरातच जळून जातो. म्हणजे दरवर्षी खंड न पडता खत घालूनही हे काम दहा-पंधरा वर्षांचे आहे. बांध, ताल, चर यांचेही तसेच. त्यांवर साठणारी माती हळूहळूच साठते.

दहा-पंधरा वर्षे तीच जमीन आपल्याकडे राहील याची ज्याला खात्री नाही, त्याने हे का करावे? बटईने किंवा मक्त्याने वर्षाच्या कराराने कसणारा खत दुसऱ्याच्या जमिनीत का पुरील? २८ जानेवारी २०११ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर गायरानाविषयीचे शासनाचे धोरण कडक झाले आणि २०२२ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर अतिक्रमणे काढण्याच्या नोटिसा निघाल्या. गावची गायराने धनदांडग्यांनी गिळू नयेत हा न्यायालयीन भूमिकेचा हेतू योग्यच आहे. पण त्याच नोटिशीच्या छायेत माळ पिकवणारा भूमिहीनही येतो. सातबाऱ्यावर नाव नसेल तर पीककर्ज, पीकविमा आणि मृदसंधारणाच्या योजना त्याच्यापर्यंत पोहोचण्यास अडथळे येतात. एकाच जिल्ह्यातील दोन शेते, एक हक्काचे व एक हक्काविना, वीस वर्षांनी मातीच्या गुणातही भिन्न झालेली आढळतील, हे अपेक्षितच आहे. खेत्तसुत्तातील आठ लक्षणांत जमिनीच्या हक्काचा उल्लेख नाही. परंतु दीघनिकायाच्या अग्गञ्ञसुत्तात तो आहे: लोभाने साठवण सुरू होताच भाताची शेते वाटली गेली, मर्यादा घातल्या गेल्या आणि त्यातून चोरी, खोटेपणा व दंड निर्माण झाले. ज्या ‘मरियादे’ला एक सुत्त शेताचा गुण म्हणते, तिलाच दुसरे सुत्त सामाजिक विषमतेच्या आरंभाशी ठेवते. बांध माती राखतो, आणि बांधाच्या आत कोण व बाहेर कोण हेही तोच ठरवतो.

कर्तव्य

या विवेचनातून तीन गोष्टी निष्पन्न होतात.

पहिली, ज्यांच्याकडे जमीन आहे त्यांनी दोन्ही परीक्षा कराव्यात. पीक निघाल्यावर आणि खत घालण्यापूर्वी, शेतात नागमोडी चालत दहा-पंधरा ठिकाणी वीतभर खोल खड्डा घेऊन माती गोळा करावी. बांधालगतची, झाडाखालची व उकिरड्याजवळची माती टाळावी. ती एकत्र मिसळून अर्धा किलो नमुना प्रयोगशाळेस द्यावा. त्याच वेळी आठ लक्षणे स्वतः तपासावीत. दोन फूट खड्डा खणून मुरूम केव्हा लागतो, पावसानंतर पाणी कोठे साचते आणि कोठून धावते, मातीचे वाळलेले ढेकूळ पाण्यात टाकल्यावर टिकते की विरते, फावडेभर ओल्या मातीत गांडुळे किती दिसतात, हे पाहण्यास कोणत्याही यंत्राची आवश्यकता नाही.

दुसरी, उपाय दोषानुसार असावेत. उथळ, मुरमाड शेतात उताराला आडवी पेरणी, समपातळी बांध, बांधावर गिरीपुष्प आणि तलावातील गाळ यांचा उपयोग होतो. २०१७ साली सुरू झालेल्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेचा खरा लाभ अशा जमिनीला आहे. भारी जमिनीत रुंद वरंबा सरीवर पेरणी केली तर कमी पावसात सरी पाणी धरते आणि अधिक पावसात ते बाहेर काढून देते. ‘आय’ आणि ‘अपाय’ या दोहोंची ती एकत्रित सोय आहे. दोन्हीकडे सोयाबीनमागून सोयाबीन न घेता तूर, ज्वारी, करडई यांची फेरपालट, धसकटे न जाळता कुजवणे आणि शेणखत हे उपाय समान आहेत. गुरे कमी झाल्याने शेणखत दुर्मीळ झाले असेल तर ताग, धैंचा ही हिरवळीची पिके घ्यावीत.

तिसरी गोष्ट सामूहिक आहे. कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबळीकरण व स्वाभिमान योजनेखाली २००४ पासून दारिद्र्यरेषेखालील भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबांना चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन देण्याची तरतूद आहे. जी जमीन विकाऊ म्हणून पुढे येते ती पुष्कळदा निकृष्ट असते. ती स्वीकारण्यापूर्वी माती, खोली, क्षार व पाणी यांची परीक्षा व्हावी, असा आग्रह लाभार्थ्यांनी धरला पाहिजे. अन्यथा कखडीच्या शेताची पुनरावृत्ती होईल. गायरान कसणाऱ्यांच्या हक्काचा पाठपुरावा करतानाही, त्यांनी जमिनीत केलेल्या सुधारणांची, घातलेल्या तालींची व वेचलेल्या दगडांची नोंद ठेवली पाहिजे. विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीने पाण्याचा वाटा जमिनीच्या एकरांवर न ठरवता कुटुंबातील माणसांवर ठरवला आणि भूमिहीनालाही त्यात स्थान दिले. अशी दृष्टी मृदसंधारणाच्या योजनांतही यावयास हवी.

वर्षावासात गावोगावी विहारांतून ग्रंथवाचन होते. त्या तीन महिन्यांत एखादा दिवस खेत्तसुत्ताच्या वाचनासाठी ठेवावा, आणि त्याच दिवशी गावातील कोरडवाहू शेतकऱ्यांनी आपापल्या शेताची आठ लक्षणे लिहून आणावीत. पावसाळ्यात पाणी कोठून येते, कोठे थांबते आणि माती घेऊन कोठे जाते, हे उघड्या डोळ्यांनी दिसते. त्या नोंदींवरून पुढील उन्हाळ्यात कोणाच्या शेतात कोणते काम आधी करावयाचे हे एकत्र बसून ठरवता येईल.